आमचे पहिले टेबल



आम्ही बँकेतले कारकून, शिक्षण कला शाखेचे. हाताला लेखणीची सवय. रंधा कधी धरला नव्हता. मुलगी आठवीत गेली, तरी पत्र्याच्या ट्रंकेवर वही ठेवून लिहीत असे. म्हणून टेबल घरीच करायचे ठरविले.

स्वस्त म्हणून आंब्याच्या ओल्या फळ्या आणल्या आणि त्याच आठवड्यात खिळे ठोकून मोकळे झालो. उन्हाळ्यात वरची फळी मधोमध तडकली, पाय डुगडुगू लागले. मुलगी काही बोलली नाही. पुन्हा ट्रंकेवर लिहू लागली. ते आमच्या मनाला फार लागले.

वस्तीतल्या सुतारकाकांना विचारले. ते म्हणाले, "लाकूड वाळताना रुंदीत आकसते, लांबीत जवळजवळ नाही. तुम्ही त्याला दोन्ही कडांनी जखडलेत. ते फुटणारच."

दुसऱ्या खेपेस इंचभर जाडीच्या फळ्या, मध्ये पट्ट्या घालून, वर्षभर सावलीत रचून ठेवल्या. पायांत खाचा पाडून आडव्या पट्ट्यांचे कुसू बसविले. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून सारखे केले. शाळेतली भूमिती चाळिशीनंतर कळली! वरच्या फळीला हलायला जागा राहावी म्हणून स्क्रूची भोके लांबट ठेवली.

दहावीचा अभ्यास मुलीने त्याच टेबलावर केला.

मित्रहो, हाताने काम करा. घाई तेवढी करू नका. आणि सुताराच्या मजुरीत घासाघीस करू नका. आम्ही ती सोडली आहे.