थापटण्याचा नियम



साहित्याच्या या व्यासपीठावरून आज मी एका खेळाच्या नियमांविषयी बोलणार आहे. टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचं, प्रत्येकानं एकेक पात्र घ्यायचं, फासे टाकत आणि बोलत बोलत मिळून गोष्ट रचायची, असा हा भूमिकांचा खेळ. प्रत्येकासमोर आपल्या पात्राचा कागद असतो. त्यावर ताकद, चपळाई, बुद्धी यांचे आकडे असतात आणि तलवारीपासून वैद्यकीपर्यंतच्या कौशल्यांचेही. गोष्ट पुढे सरकते तसे हे आकडे वाढतात. ते कशामुळे वाढावेत हे ठरवताना खेळ लिहिणाऱ्याला एका प्रश्नाचं उत्तर द्यावंच लागतं: माणूस शिकतो कसा? कादंबरीकार 'पाच वर्षांनी तो निष्णात झाला' असं लिहून पुढे जाऊ शकतो. आपल्या कितीतरी कथांमध्ये असंच होतं. खेळ लिहिणाऱ्याला ती सोय नाही.

१९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला आणि हा खेळप्रकार सुरू झाला. त्याचा मूळ हिशेब सरळ होता. भुयारातून सोन्याचं एक नाणं बाहेर आणलं की एक अनुभवगुण. राक्षस मारल्याचे गुण वेगळे. योद्ध्याचे दोन हजार गुण भरले की तो दुसऱ्या पातळीवर चढणार. या नियमानं लाखो लोकांना खेळाची गोडी लावली, हे मोठंच काम आहे. पण खजिना वाहून आणल्यानं तलवारीचा हात का सुधारावा, याचं समाधानकारक उत्तर त्यात मला कधी सापडलं नाही.

चारच वर्षांनी, १९७८ मध्ये, 'रूनक्वेस्ट' आला. त्यातला एक नियम मला थोर वाटतो, म्हणून तो नीट सांगतो. कौशल्यं शंभरात मोजलेली असतात. खऱ्या अडचणीत जे कौशल्य वापरून यश आलं, त्यापुढे खूण करायची. मोहीम संपली की त्या प्रत्येक खुणेसाठी शंभराचा फासा टाकायचा. दान आपल्या आकड्यापेक्षा वरचं पडलं तरच कौशल्य वाढतं. ज्याचं कौशल्य तीस आहे त्याला शंभरातल्या सत्तर दानांवर वाढ मिळते. ज्याचं नव्वद आहे त्याला फक्त दहांवर. नवशिक्या भराभर पुढे जातो, जाणत्याला एकेक पाऊल जड जातं. हे आपण तबल्याच्या वर्गात पाहतो, तालमीत पाहतो, लेखणीतही पाहतो. पुढे २००२ साली 'बर्निंग व्हील'नं आणखी एक अट घातली: वरच्या टप्प्यावर जायचं तर आपल्या कुवतीबाहेरची कामं अंगावर घ्यावी लागतात आणि तिथलं अपयशही वाढीच्या खात्यात जमा होतं.

इथवर जगानं विचार केला आहे. यापुढचा विचार याच धाराशिव जिल्ह्यात, तेरला, झालेला आहे असं मला मनापासून वाटतं.

तिथल्या कुंभार संताची, गोरोबाकाकांची, कथा तुम्हा सर्वांना पाठ आहे. २०२० च्या जानेवारीत याच धाराशिव शहरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा संमेलननगरीला त्यांचंच नाव होतं. परंपरा सांगते की तेरला संतमंडळी जमली असताना मुक्ताबाईंनी कोपऱ्यातल्या थापटण्याकडे बोट दाखवून विचारलं, काका, हे काय? मडकं कच्चं की पक्कं ते यानं कळतं, असं उत्तर आलं. मग आमचीही परीक्षा करा, त्या म्हणाल्या. काकांनी एकेकाच्या डोक्यावर थापटणं मारलं. बाकीचे शांत राहिले. नामदेव चिडले, आणि ते मडकं कच्चं ठरलं. रागानं ते पंढरीला विठ्ठलाकडे गेले. देवानं त्यांची समजूत काढण्याऐवजी त्यांना गुरू करायला विसोबा खेचरांकडे पाठवलं.

आता ही कथा खेळ लिहिणाऱ्याच्या नजरेनं पाहा. नामदेवांच्या कागदावर भक्तीचा आकडा आधीच मोठा होता. विठ्ठल त्यांच्याशी बोलत होता. त्यांची वाढ सुरू झाली ती तो आकडा खाली आल्यावर. तो खाली आणला दुसऱ्यानं, आपल्या धंद्याच्या हत्यारानं, चारचौघांत. आणि तसं करायला सुचवलं ते मंडळीतल्या सर्वांत लहान मुलीनं, मुक्ताबाईंनी. पुढे औंढ्या नागनाथाला पिंडीवर पाय ठेवून पडलेले विसोबा भेटले. ते पाय जिथे सरकवावेत तिथे पिंडच दिसू लागली. देव एकाच ठिकाणी आहे, हा नामदेवांचा पक्का समज तिथे मोडला. त्यानंतरचे नामदेव पंजाबात घुमानपर्यंत पोचले. त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत.

मी सांगितलेल्या तिन्ही खेळांत कागदावरचा आकडा खरा धरलेला असतो. खेळाडूला आपली कुवत अचूक ठाऊक असते. प्रत्यक्षात ती कुणाला ठाऊक असते? म्हणून माझी सूचना अशी की मराठीत खेळ लिहिणाऱ्यांनी तो आकडा पात्राची स्वतःबद्दलची समजूत मानावा. त्या विद्येतलं जाणतं पात्र थापटणं मारील, तेव्हा खरा आकडा उघड होईल. आकडा खाली आला तर पात्रानं एक तर रुसून तिथेच थांबावं, किंवा गुरू शोधावा. गुरू भेटला की वाढीची कमाल मर्यादाच वर सरकावी.

उद्या सकाळच्या कार्यशाळेत याच नियमावर काम करू या. पात्र म्हणून तुळजापूरच्या एका गोंधळ्याचा मुलगा घ्या. संबळ आपल्याला साठ टक्के येतो, अशी त्याची खात्री आहे. त्याच्या हाताखालचा ताल ऐकून खरं सांगणारं माणूस गोष्टीत कोण असेल, ते कोणत्या प्रसंगी सांगेल, आणि त्या रात्री मुलगा घरी काय बोलेल, एवढं प्रत्येक गटानं लिहून आणावं. फासे मी घेऊन येतो.