‘ध’चा ‘मा’

श्रोतेहो, हिशेब उतरतांना कारकुनाची लेखणी घसरली, तर ती चूक होय. परंतु त्यानें जाणूनबुजून एक अक्षर बदलून ‘देणें’चें ‘येणें’ केलें, तर आपण म्हणतों कीं, त्यानें ‘ध’चा ‘मा’ केला. या वाक्प्रचाराचा प्राण त्या हेतूंत आहे. साध्या मुद्रणदोषालाहि तो लावल्यानें त्याची धार बोथट होते.

त्याचा उगम सर्वश्रुत आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणराव पेशव्यांचा वध केला. राघोबादादांच्या आज्ञेंत ‘धरावें’ असें होतें; आनंदीबाईंनीं ‘ध’ खोडून ‘मा’ केला, अशी कथा आहे. ग्रँट डफच्या १८२६ सालच्या इतिहासांतहि ती आढळते. रामशास्त्र्यांस तो कागद मिळाला व त्यांत शब्द पालटलेला दिसला, असें तो सांगतो; हा फेरफार आनंदीबाईंचा, हें मात्र तो सार्वत्रिक समज म्हणूनच नोंदवितो. श्रोतेहो, कागद ही एक गोष्ट आणि समज ही दुसरी. अक्षर पालटलें हें मान्य केलें, तरी तें कोणाच्या हातानें पालटलें, हें अक्षर सांगत नाहीं.

सालबाईच्या १७८२ च्या तहानंतर दादासाहेब राजकारणांतून निवृत्त होऊन आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यांतील, गोदाकांठच्या कोपरगांवीं राहिले व १७८३ मध्यें वारले. त्यांच्या मागें, १७८४ मध्यें, आनंदीबाईंना पुत्र झाला. तोच धाकटा चिमाजी आप्पा. बाई स्वतः १७९४ मध्यें निवर्तल्या. वैधव्याचीं हीं दहा वर्षें कोणास आठवत नाहींत. आठवतें तें एक अक्षर.

इतरत्रहि असेंच घडतें. ‘भाकरी नसेल तर केक खा’ हे उद्गार फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या माथीं मारले जातात. रूसोनें ते एका अनामिक राजकन्येचे म्हणून लिहिले, तेव्हां मारी आंत्वानेत ऑस्ट्रियांतील एक लहान मुलगी होती.

म्हणून हा वाक्प्रचार टाकून द्यावा असें नव्हे. त्याच्याइतका नेमका शब्द आपणांस दुसरा मिळणार नाहीं. कपट कसें घडतें हें त्यानें खुशाल सांगावें. कपटी कोण, हें ठरविण्याचें काम पुराव्याचें आहे. ‘असें म्हणतात’ हें खोडून त्या जागीं ‘असें घडलें’ लिहिणें, हाहि ‘ध’चा ‘मा’च होय.