सात-आठ: दोघांचा डाव

आजचा भाग ऐकताना शक्य असेल तर पत्त्यांचा कॅट जवळ घेऊन बसा.

मेंढीकोटला चौघं लागतात, पाच-तीन-दोनला तिघं. घरात दोघंच असली की कॅट कपाटात राहतो आणि दोघंही आपापल्या मोबाईलमध्ये. अशा दोघांसाठी आजचा डाव, सात-आठ.

आमच्या घरी आई, बाबा आणि मी पाच-तीन-दोन खेळायचो. दोन वर्षांपूर्वी बाबा गेले, आणि त्यानंतर कॅटला कुणी हात लावला नाही. मग एका रविवारी लाईट गेली, वायफाय बंद, आणि आईच म्हणाली, "सात-आठ खेळायचं का रे?" मी कॅटमधली नको असलेली पानं काढायला बसलो, तर ती आधीच वेगळी काढलेली. बाबांनी रबर लावून ठेवली होती. पाच-तीन-दोनला जी ३० पानं लागतात, तीच सात-आठलाही लागतात. एकही पान काढावं लागलं नाही की घालावं लागलं नाही.

ती ३० पानं अशी. चारही रंगांची अठ्ठीपासून एक्क्यापर्यंत सात-सात, म्हणजे २८. त्यात बदामची आणि इस्पीकची सत्ती. झाली ३०. प्रत्येकाला १५.

आता वाटायचं कसं? घरोघरी थोडा फरक असतो, आमच्याकडचं सांगतो. आधी पाच-पाच पानं हातात. ज्याने वाटली नाहीत, तो ही पाच बघून हुकूम बोलतो. मग प्रत्येकापुढे पाच पानं पालथी मांडायची आणि त्या प्रत्येकावर एक-एक उघडं पान ठेवायचं. पालथी पानं कुणीच बघायची नाहीत, स्वतःचीसुद्धा नाही.

हुकूम बोलणाऱ्याने ८ हात करायचे, वाटणाऱ्याने ७. पहिली उतारी हुकूम बोलणाऱ्याची. हातातलं किंवा समोरचं उघडं, कुठलंही पान खेळता येतं. आलेल्या रंगाचं पान या दहांत असेल तर तेच द्यायचं. नसेल तर हुकमाने मारा, नाहीतर दुसरं काहीही टाका. जो हात करेल त्याची पुढची उतारी. वरचं उघडं पान खेळलं, की तो हात संपल्यावर खालचं पालथं पान उलटायचं. आता तेही खेळात आलं.

एकूण हात १५, म्हणजे बरोबरी कधीच नाही. माझा एक जास्त झाला, तर तो तुमचाच एक कमी झालेला असतो. आणि ते कर्ज पुढच्या डावात फेडायचं. हुकूम बोलून, पानं मांडून झाली की ज्याचे जास्त झाले होते तो समोरच्याच्या हातातली तेवढी पानं न बघता ओढतो, आणि आपल्याकडची नको असलेली तेवढीच परत देतो. म्हणजे जो हरलाय त्याचाच एक्का जायची भीती! पाच-तीन-दोन खेळणाऱ्यांना हे दुखणं माहीत आहे.

आता थोडं डोकं लावू. डाव सुरू होताना तुम्हाला किती पानं दिसतात? हातातली पाच, तुमची उघडी पाच, समोरची उघडी पाच. बरोबर १५. निम्मा कॅट दिसतो, निम्मा झाकलेला. यावरून तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, हुकूम बोलताना नुसत्या एक्क्यावर भुलू नका. एका रंगाची तीन साधी पानं एकट्या एक्क्यापेक्षा बरेचदा जास्त हात देतात. बरोबरी असेल तर बदाम किंवा इस्पीक बघा, त्यांची आठ-आठ पानं आहेत.

दोन, उघडी पानं लवकर खेळा. खाली काय दडलंय ते कळल्याशिवाय बेत आखता येत नाही. फक्त हेही लक्षात ठेवा, की नवं पान समोरच्यालाही दिसतं.

तीन, हुकूम मोजा. बाकी काही मोजलं नाही तरी चालेल, पण किती हुकूम पडले आणि किती बाकी आहेत, एवढं पाठ पाहिजे.

हे मोजणं मला आईने शिकवलं, आणि कसं ते सांगतो. दुसऱ्याच रविवारी ती डाव हरत चालली होती. बदाम हुकूम, तिनेच बोललेला. तिचे सात हात, माझे सहा, प्रत्येकाकडे दोन पानं बाकी. तिने किलवरची नव्वी उतरली. माझ्याकडे बदामचा गुलाम आणि चौकटचा एक्का. गुलामाने मारलं असतं आणि मग एक्का उतरला असता, तर दोन्ही हात माझे. तिला एक हात कमी पडला असता.

मला वाटलं, जाऊ दे, जिंकू दे तिला. मी एक्का टाकला. तिचे आठ पूर्ण.

तिने शेवटचं पान उतरलंच नाही. म्हणाली, "गुलाम आहे ना तुझ्याकडे? सात बदाम पडलेत. माझ्याकडे नाही, म्हणजे तुझ्याकडेच." मी गप्प. "माझी कीव करत खेळायचं असेल, तर नको खेळूस. तुझे बाबा एक पान सोडायचे नाहीत मला."

या डावात शेवटी काही लपत नाही. ३० च्या ३० पानं उलटतात, आणि मोजणाऱ्याला तुम्ही मुद्दाम हरलेलंही दिसतं. मला वाटत होतं मी तिला सांभाळतोय. तिला हवं होतं कुणीतरी समोर बसून नीट खेळणारं.

तेव्हापासून मी एक हातही सोडत नाही. गेल्या रविवारी तिने माझी दोन पानं ओढली, दोन्ही हुकमाची, आणि परत काय दिलं? दोन अठ्ठ्या. वर हसली.

तर या रविवारी कुणाला तरी समोर बसवा आणि वाटा पानं. भेटूया पुढच्या भागात!