धरणाचा देखावा मांडताना

पूर्णेवरचे आपले सिद्धेश्वर धरण लांबीला सुमारे सहा किलोमीटर, उंचीला ३८ मीटर. हजारास एक या प्रमाणात सबंध भिंत केली, तर लांबी सहा मीटर, उंची चार सेंटिमीटरही नाही आणि मजूर मोहरीएवढा! मग तो गाळलाच जातो. आम्हा मजूर चळवळीतल्यांना हे खपत नाही. म्हणून प्रमाण शंभरास एक धरावे आणि भिंतीचा एकच तुकडा घ्यावा. दिवाळीच्या किल्ल्यावर महाराज बुरुजाहून मोठे असतात. मुलांना ते शोभते. भिंत फळीच्या कडेला समांतर नको, तिरपी ठेवा. चारही कोपरे भरू नका, डोळ्याला विसावा हवा. पाटीवाल्या बाया दीड सेंटिमीटरच्या होतील. त्या पुढच्या बाजूस मांडा; पण कवायतीसारख्या रांगेत नव्हे. तिघी जवळजवळ आणि एक जरा मागे, पाटी उतरवून थांबलेली.