सुपरहीरो आणि आपला चेहरा



गेल्या महिन्यात आठवीतल्या एका मुलाने मोबाईलवर चित्र दाखवले. रुंद छाती, लाल झगा, मागे विजा. "सर, हा मी!" मी निरखून पाहिले. रंग उजळला होता, गालावरचा तीळ गेला होता. "अम्मीने ओळखलंच नाही," तो हसून म्हणाला. मला हसू आले नाही.

हे होते कसे? कृत्रिम बुद्धिमत्तेला कोट्यवधी चित्रे व त्यांची वर्णने दाखवून शिकवलेले असते. ती ठिपक्यांच्या गोंधळातून पायरीपायरीने चित्र घडवते आणि आपण सांगत नाही ते शिकलेल्या चित्रांवरून भरते. म्हणून समोरून, चांगल्या उजेडात काढलेला फोटो द्या आणि स्पष्ट लिहा : चेहरा, वर्ण, तीळ तसेच ठेव, फक्त पोशाख व देखावा बदल.

मात्र आधी घरी विचारा. एकदा पाठवलेला फोटो परत घेता येईलच असे नाही. मित्राचा वा बहिणीचा फोटो न विचारता देणे ही तर अमानतीत खयानत आहे.

2014 साली अमेरिकेतील 'मिस मार्व्हल' या चित्रमालिकेत कमला खान ही मुस्लिम मुलगी नायिका झाली. शक्ती मिळताच ती प्रथम गोऱ्या, सोनेरी केसांच्या नायिकेचे रूप घेते. पुढे तिला उमगते, की लोकांना वाचवायला दुसऱ्याचा चेहरा लागत नाही.

त्या मुलाने चित्र पुन्हा केले. तीळ जागेवर होता. अम्मीने लगेच ओळखले.