मध्यरेषेवरचें वाशीम आणि ग्रहांचा शेजार

वाशीम येथें मध्यमेश्वराचें देऊळ आहे. पृथ्वीची मध्यरेषा येथूनच जाते, अशी तेथील समजूत. शहरांतील सुशिक्षितास ही भाविकांची दंतकथा वाटण्याचा संभव आहे; परंतु तिला चांगला लेखी आधार आहे. भास्कराचार्यांनीं शके ११०५, म्हणजे इ. स. ११८३, हें आरंभवर्ष धरून ‘करणकुतूहल’ हा पंचांगगणिताचा ग्रंथ रचिला. त्यांत मध्यरेषेवरील स्थळें सांगतांना लंका, कांची, पर्यली, वत्सगुल्म, उज्जयिनी, कुरुक्षेत्र अशीं नांवें आलीं आहेत. वत्सगुल्म म्हणजेच वाशीम, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी.

ग्रंथांतील गणितानें निघणारे मध्यम ग्रह या रेषेवरच्या वेळेचे असत. नाशिकच्या किंवा नागपूरच्या ज्योतिष्यास त्यांत देशांतर-संस्कार द्यावा लागे. वाशीमच्या ज्योतिष्यास ती खटपट नव्हती. निदान ग्रंथाप्रमाणें नव्हती. आजच्या मापानें वाशीम उज्जयिनीच्या पूर्वेस सुमारें एक अंश वीस कला आहे, म्हणजे तेथें सूर्य पांच-साडेपांच मिनिटें आधीं माथ्यावर येतो. रेषा अशी वांकडी कां झाली, याचें उत्तर साधें आहे. अक्षांश शंकूच्या छायेवरून मोजतां येतात. रेखांतरास दोन ठिकाणीं एकच क्षण ओळखावा लागतो, आणि त्या काळीं चंद्रग्रहणाखेरीज त्यास भरवशाचा उपाय नव्हता. शिवाय साडेपांच मिनिटांत चंद्र अवघा तीन कला सरकतो. मग शनीची गोष्ट कशाला?

आतां ग्रहांची रांग. पृथ्वी मध्यें स्थिर धरून सिद्धांतकारांनीं चंद्र, बुध, शुक्र, रवि, मंगळ, गुरु, शनि अशी ओळ लाविली. अंतर मोजण्याचें साधन नव्हतें, गति मात्र डोळ्यांना दिसत होती. सर्व ग्रह दिवसास सारखींच योजनें चालतात असें गृहीत धरलें, कीं ज्याचा फेरा दीर्घ काळाचा तो दूरचा ठरतो. चंद्राचा फेरा सव्वासत्तावीस दिवसांचा, शनीचा साडेएकोणतीस वर्षांचा. बुध-शुक्रांनीं मात्र अडचण केली. ते सूर्याच्या मागेंपुढें घोटाळत त्याच्याबरोबरच वर्षाचा फेरा पुरा करितात. तेथें त्यांच्या शीघ्रोच्चाचे फेरे घेतले गेले, ८८ आणि २२५ दिवसांचे. हे आंकडे म्हणजे त्या दोघांचे सूर्याभोवतींचे खरे भ्रमणकाल होत; पृथ्वीकेंद्रित गणिताच्या पोटांत सूर्यकेंद्रित आंकडा आधींच येऊन बसला होता! म्हणूनच त्या ओळींत रवीच्या जागीं चंद्रासह पृथ्वी ठेविली कीं आजचा क्रम हुबेहूब मिळतो. युरेनस १७८१ सालीं व नेपच्यून १८४६ सालीं तिच्या शेवटीं जोडले गेले.

घरोघरच्या भिंतीवरील वारही याच ओळींतून निघाले आहेत. शनीपासून खालीं एकेका होरेस एकेक ग्रह दिला, कीं चोवीस होरा संपून दुसऱ्या सूर्योदयीं रवीची पाळी येते, आणि तिसऱ्या सूर्योदयीं सोमाची.

राहिला शेजाराचा प्रश्न. पृथ्वीचा सर्वांत जवळचा ग्रह कोणता, असें विचारतांच शाळकरी मूलही शुक्राचें नांव घेईल. त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेस लागून आहे, आणि तो येतो तितका, म्हणजे सुमारें चार कोटि किलोमीटर, जवळ दुसरा कोणताच ग्रह येत नाहीं. परंतु भिंतीस भिंत लागून असली तरी शेजारी घरीं किती दिवस असतो, हेंही पाहावें लागतें. शुक्राच्या अशा दोन भेटींमध्यें ५८४ दिवस जातात, आणि मधल्या काळांत तो सूर्यापलीकडे जवळजवळ सव्वीस कोटि किलोमीटरांवर जाऊन राहतो. बुध सूर्यास चिकटून फिरतो; तो फार जवळ येत नाहीं, तसा फार दूरही जात नाहीं. २०१९ सालीं अमेरिकेंतील तिघां अभ्यासकांनीं सर्व काळाची सरासरी प्रसिद्ध केली. पृथ्वीपासून सूर्याचें अंतर एक धरिल्यास बुधाचें सरासरी अंतर १.०४ येतें, शुक्राचें १.१४ आणि मंगळाचें १.७०. याहून नवल असें कीं हाच न्याय इतर ग्रहांसही लागू पडतो. नेपच्यूनच्या सरासरीनें निकटचा ग्रह युरेनस नव्हे, बुधच.

जुन्या ओळींत चंद्रानंतरचें पहिलें घर बुधाचें, आणि नव्या सरासरींतही पहिला मान बुधाचा. हें पाहून पूर्वजांना सारें ठाऊकच होतें असें म्हणण्याचा मोह पुष्कळांस होईल. तो आवरलेला बरा. त्यांचा बुध जवळ ठरला तो सर्वांची चाल समान धरल्यामुळें, आणि तें गृहीत चुकीचें आहे. बुध सेकंदास सुमारें सत्तेचाळीस किलोमीटर धांवतो, शनि दहासुद्धां नाहीं. सिद्धांतकारांचें श्रेय त्या ८८ दिवसांच्या आंकड्यांत आहे, आणि तो किती कष्टानें मिळाला असेल हें बुध एकदां स्वतः शोधूं गेल्यावर कळतें. तो सूर्यापासून अठ्ठावीस अंशांपलीकडे कधींच जात नाहीं. वाशीमबाहेरच्या मोकळ्या शेतांतून पाहिलें तरी सूर्यास्तानंतर पश्चिमेस, किंवा सूर्योदयापूर्वीं पूर्वेस, क्षितिजाजवळ तो थोडाच वेळ सांपडतो. तोही वर्षांतील मोजक्याच दिवशीं, आणि ढग नसतील तर.