नवा गुडघा आणि धीराचे दिवस



ग्वाल्हेरात जन्मलेले अटलबिहारी वाजपेयी यांच्या डाव्या गुडघ्यावर २००० साली आणि उजव्यावर २००१ साली मुंबईत प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया झाली. ‘गुडघा बदलणे’ हे शब्द तेव्हा घरोघरी पोहोचले. शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांविषयी मात्र फारसे बोलले जात नाही. आणि खरी कसोटी तेथेच असते.

या शस्त्रक्रियेत हाड कापले जाते, भोवतालच्या स्नायूंना इजा पोहोचते. तेव्हा सूज येणे हा देहाचा स्वधर्मच होय. ती काही आठवडे, कधी तीन-चार महिनेही रेंगाळते. निजल्यावर पाय हृदयाहून उंच ठेवावा. मात्र उशी टाचेखाली घ्यावी, गुडघ्याखाली नव्हे. गुडघ्याखालील उशीने घटकाभर सुख लाभते, पण सांधा पुरता सरळ होईनासा होतो. बर्फ फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटे लावावा. घोट्यातून पाऊल वरखाली हलवीत राहावे.

वेदना मुकाट्याने सोसण्यात पुरुषार्थ नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने व्यायामाआधी गोळी घेतल्यास व्यायाम नीट होतो. दुखण्याच्या भयाने जो अंथरूण धरतो, त्याचा नवा गुडघाही ताठरतो. उलट अतिउत्साहाने फार चालल्यास सूज वाढते. पोटरी दुखून सुजली, ताप आला, जखम वाहू लागली तर त्वरित डॉक्टरांना गाठावे. अकस्मात धाप लागल्यास क्षणाचाही विलंब नको.

ग्रंथालयाचा जिना ज्यांनी गुडघ्यांपायी सोडला, त्यांना तो पुन्हा चढता यावा. त्यासाठी हे धीराचे दिवस.